ब्राउझरची नवी आवृत्ती आली: वेब डेव्हलपरने आधी काय तपासायचे?

क्रोम, एज आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या आता काही आठवड्यांच्या अंतराने येत राहतात. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की आकडा एकाने वाढलेला असतो. साइट सांभाळणाऱ्याला मात्र हे कळायला हवे, कारण सर्व्हरवर एक अक्षरही न बदलता काल चालणारे पान आज अडू शकते. नवशिके रिलीज नोट्स उघडतात ते नवी फीचर्स पाहायला. ते स्वाभाविक आहे, पण कामाच्या दृष्टीने क्रम उलटा हवा: आधी काय काढून टाकले ते पाहा. नवे काय आले ते चार दिवसांनी वाचले तरी चालते.

पायरी १: इंजिने मोजा, ब्राउझर नको

बाजारात ब्राउझर पुष्कळ असले तरी तपासायची इंजिने (कोड वाचून पान रंगवणारा ब्राउझरचा आतला भाग) तीनच: ब्लिंक, गेको आणि वेबकिट. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट आणि जानेवारी २०२० पासून एजही ब्लिंकवर चालतात. गेको म्हणजे फायरफॉक्स, वेबकिट म्हणजे सफारी.

आयफोनवर हे गणित बदलते. तिथल्या क्रोमच्या आतही वेबकिटच असते. युरोपीय संघात मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून दुसरे इंजिन वापरण्याची मुभा मिळाली. भारतातल्या ग्राहकाने मात्र 'आयफोनवर क्रोममध्ये चालत नाही' अशी तक्रार केली, तर ती सफारीची तक्रार समजून तपासा. अँड्रॉइड फोनवरचा क्रोम उघडून बसलात तर तो दोष तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आणखी एक जागा सहज सुटते. एखाद्या अ‍ॅपच्या आतच लिंक उघडली तर अँड्रॉइडवर बहुधा वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत पान दाखवणारा भाग) वापरला जातो. तो प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो, त्यामुळे फोनमधला क्रोम ताजा आणि वेबव्ह्यू जुना असे होऊ शकते.

पायरी २: वेळापत्रक कॅलेंडरमध्ये टाका

क्रोम पूर्वी सहा आठवड्यांनी यायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये, आवृत्ती ९४ पासून, तो चार आठवड्यांवर आला. फायरफॉक्सने चार आठवड्यांचे चक्र २०२० मध्येच धरले होते. पुढच्या तारखा क्रोमियमच्या 'क्रोमियम डॅश' पानावर आणि मोझिलाच्या रिलीज कॅलेंडरवर आधीच जाहीर होतात. त्या तिथूनच घ्या, कारण चक्राची लांबी बदलत आली आहे.

सफारीची तऱ्हा निराळी आहे. तिची मोठी आवृत्ती सप्टेंबरच्या सुमारास नव्या आयओएस आणि मॅकओएसबरोबर येते आणि मधले सुधार त्यांच्याच अपडेटांतून येतात. आयफोनवर सफारी वेगळी अपडेट करता येत नाही. म्हणून जुन्या फोनवर ती कायमची अडकते: आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे गेला नाही, आयफोन ८ आणि आयफोन टेन आयओएस १६ वर थांबले.

कार्यालयांसाठी हळू चालणाऱ्या आवृत्त्याही असतात. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) साधारण वर्षातून एकदा पुढच्या मोठ्या आकड्यावर जाते आणि क्रोमची एक्स्टेंडेड स्टेबल दर आठ आठवड्यांनी. तुमचा ग्राहक बँक किंवा सरकारी खाते असेल, तर त्यांच्याकडे कोणती आहे हे आधीच विचारून ठेवा.

पायरी ३: बीटा शेजारी ठेवा

क्रोमच्या चार वाहिन्या आहेत: स्टेबल, बीटा, डेव्ह आणि कॅनरी. बीटा स्टेबलच्या साधारण महिनाभर पुढे असते आणि स्टेबलला धक्का न लावता त्याच संगणकावर बसते. रोज कॅनरी वापरायची गरज नाही. तीत सगळेच हलते असते आणि दोष त्यांचा की तुमचा हे शोधण्यातच संध्याकाळ होते. फायरफॉक्ससाठी डेव्हलपर एडिशन घ्या. ती आपली प्रोफाइल वेगळी ठेवते. मॅक असेल तर सफारी टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू उतरवा.

मॅक नसेल तर प्लेराइट हे ब्राउझर-चाचणीचे साधन बसवा. त्याच्याबरोबर क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही येतात आणि वेबकिट विंडोज व लिनक्सवरही चालते. ती हुबेहूब सफारी नव्हे. व्हिडिओ, फॉन्ट आणि बोटाने सरकवणे या बाबतींत तिच्यावर विसंबू नका. मांडणी आणि जावास्क्रिप्ट तपासायला ती पुरते. खऱ्या आयफोनला पर्याय हवा असेल तर ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर तासभर खरे उपकरण वापरता येते.

बीटा येईल त्या आठवड्यात एकदा या गोष्टी हाताने करून पाहा: लॉगिन, फॉर्म भरणे, फाइल चढवणे, पैसे भरणे, छपाई. मोडते ते बहुतेक यांतच.

पायरी ४: रिलीज नोट्स 'काढून टाकलेले' या भागापासून वाचा

क्रोमच्या नोट्समध्ये 'डेप्रिकेशन्स अँड रिमूव्हल्स' असा भाग असतो. फायरफॉक्ससाठी एमडीएन या वेब-माहितीच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीचे डेव्हलपरांसाठीचे पान असते, सफारीच्या नोट्स अ‍ॅपलच्या डेव्हलपर साइटवर आणि वेबकिटच्या ब्लॉगवर मिळतात. यादीतला प्रत्येक शब्द आपल्या कोडमध्ये शोधा, आणि नोड-मॉड्यूल्स (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचे) फोल्डर व जुन्या प्लगइनच्या फाइली त्यातून वगळू नका. धोका बहुधा तिथेच असतो.

उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ ने म्युटेशन इव्हेंट्स (पानाचा ढाचा बदलला की मिळणाऱ्या सूचना) काढले: डॉम-नोड-इन्सर्टेड, डॉम-सबट्री-मॉडिफाइड वगैरे. जुने टेक्स्ट एडिटर आणि जेक्वेरीची प्लगइन्स यांवर चालत. गंमत अशी की ते काढल्यावर कन्सोलमध्ये लाल रेघ येत नाही. अस्तित्वात नसलेल्या इव्हेंटवर लिसनर (तो इव्हेंट आला की चालणारे फंक्शन) लावणे ही चूक धरलीच जात नाही. लिसनर लागतो आणि कधीच चालत नाही. एडिटरमध्ये चित्र टाकल्यावर त्याभोवती चौकट यायची ती येत नाही, इतकेच दिसते. उपाय म्युटेशन ऑब्झर्व्हर; पण तो बदल गोळा करून थोड्या वेळाने कळवतो, तत्क्षणी नाही. म्हणून नाव बदलून भागत नाही, त्या फंक्शनचा क्रमही तपासावा लागतो.

दुसरे उदाहरण पैसे भरण्याचे. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून एक नियम आला: कुकीवर सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती जावी का हे सांगणारी खूण) लिहिलेले नसेल तर ती 'लॅक्स' समजायची. कोरोनाच्या काळात आवश्यक सेवा अडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये तो थांबवला आणि जुलैत पुन्हा सुरू केला. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून पोस्ट पद्धतीने आलेल्या विनंतीबरोबर जात नाही. पेमेंट गेटवे ग्राहकाला परत पाठवतो तो अनेकदा पोस्टनेच. परिणाम असा, की पैसे कापले जातात, ग्राहक तुमच्या पानावर येतो आणि समोर लॉगिनचा फॉर्म.

हा दोष चाचणीत सापडत नाही, त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. सेमसाइट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर ती अशा पोस्टबरोबर जाऊ द्यायची, अशी सवलत क्रोमने ठेवली. चाचणी करणारा लॉगिन करतो, चाचणीचे कार्ड टाकतो आणि पाऊण मिनिटात परत येतो. सगळे ठीक. खरा ग्राहक आधी वस्तू निवडतो, मग कार्ड शोधतो, मग ओटीपीची वाट पाहतो. दोन मिनिटे केव्हाच उलटलेली असतात. तेव्हा पैसे भरण्याची चाचणी करताना लॉगिन केल्यावर किमान तीन मिनिटे थांबा.

उपाय दोन. सेशनच्या कुकीवर 'सेमसाइट नन' (दुसऱ्या साइटवरूनही जाऊ द्या) आणि 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवर पाठवा) दोन्ही लिहिणे हा पहिला. सिक्युअर नसेल तर नन असलेली कुकी क्रोम टाकूनच देतो. दुसरा अधिक बरा: परतीच्या पत्त्याने सेशनवर अवलंबूनच राहू नये. गेटवेने पाठवलेली सही आणि ऑर्डर क्रमांक तपासावेत, नोंद करावी आणि ३०३ ने (दुसऱ्या पानावर जा असे सांगणारा उत्तराचा क्रमांक) आपल्याच पावतीच्या पानावर वळवावे. ती विनंती गेट पद्धतीची असल्याने लॅक्स कुकी तिच्याबरोबर जाते.

कधी काहीच काढलेले नसते, तरी मोडते. फेब्रुवारी २०२३ मधल्या क्रोम ११० मध्ये इंग्रजी वेळेच्या मजकुरात 'एएम-पीएम'च्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन तिथे अरुंद, न तुटणारी जागा आली, कारण भाषाविषयक माहितीचा संच वरच्या आवृत्तीवर गेला होता. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण वेळेचा मजकूर मोकळ्या जागेवर तोडणारा कोड कोसळला. तक्रारी आल्यावर बदल मागे घेतला गेला. लोकेलनुसार (भाषा-प्रदेशानुसार) तयार झालेला मजकूर फक्त दाखवायला वापरा, त्यातून पुन्हा माहिती काढू नका. तो कधीही बदलू शकतो आणि तसा त्याला अधिकार आहे.

पुढे काय जाणार याची चाहूल डेव्हटूल्समधल्या इश्यूज टॅबवर आणि कन्सोलच्या पिवळ्या इशाऱ्यांत मिळते. साइट मोठी असेल तर क्रोमियमच्या ब्राउझरांत रिपोर्टिंग ऑब्झर्व्हर लावून खऱ्या वापरकर्त्यांकडचे हे इशारे सर्व्हरवर गोळा करता येतात.

पायरी ५: नवे फीचर वापरायचे कधी

यासाठी 'बेसलाइन' ही खूण पाहा. एमडीएन आणि कॅन-आय-यूज (कोणते फीचर कुठे चालते ते सांगणारी साइट) दोन्हींवर ती असते. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी यांच्या संगणकावरच्या व फोनवरच्या आवृत्त्यांत एखादी गोष्ट आली की ती 'न्यूली अव्हेलेबल'. त्यानंतर ३० महिने उलटले की 'वाइडली अव्हेलेबल'. कंटेनर क्वेरी (ज्या डब्यात घटक आहे त्याच्या आकारानुसार शैली बदलणे) क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये (१०५), सफारीत सप्टेंबरात (१६) आणि फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये (११०) आल्या. घड्याळ शेवटच्या ब्राउझरपासून सुरू होते, म्हणून त्या ऑगस्ट २०२५ मध्ये वाइडली झाल्या.

बेसलाइनवरही डोळे मिटून विसंबू नका. पॉपओव्हर (पानावर तरंगणारी उघड-बंद होणारी चौकट) फायरफॉक्स १२५ मध्ये आला तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, चारही ब्राउझर झाले असे वाटले. पण आयफोनवर बाहेर बोट लावून पॉपओव्हर बंदच होत नव्हता. त्यामुळे त्याची तारीख पुढे नेऊन जानेवारी २०२५ करावी लागली. शिवाय अडकलेले संगणक या खुणेत धरलेले नाहीत. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देणारा संगणक बऱ्याचदा याच वयाचा असतो. तुमची साइट शेतकऱ्यांसाठी किंवा परीक्षेच्या अर्जांसाठी असेल तर हाच तुमचा खरा ब्राउझर.

म्हणून क्रोम १०९ समोर ठेवून बघू. कंटेनर क्वेरी आणि 'हॅज' सिलेक्टर १०५ मध्ये आले, ते चालतील. सीएसएस नेस्टिंग ११२ चे, पॉपओव्हर ११४ चा, सबग्रिड ११७ चा: हे चालणार नाहीत. अ‍ॅरेचे टू-सॉर्टेड ११० चे, म्हणजे एका आवृत्तीने हुकले.

चालत नाही म्हणजे नेमके काय होते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे:

- सीएसएसमधली न कळलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. पण स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या सिलेक्टरांत एक जरी कळला नाही तरी तो अख्खा नियम जातो. नवा सिलेक्टर नेहमी वेगळ्या नियमात लिहा.
- जावास्क्रिप्टमधली नसलेली मेथड ती ओळ चालेपर्यंत शांत असते. तिथे पोहोचली की टाइप-एरर येते आणि त्या स्क्रिप्टमधले पुढचे काम थांबते. टू-सॉर्टेडऐवजी आधी स्लाइसने प्रत काढून तिच्यावर सॉर्ट चालवा, पॉलीफिलचीही (नसलेली मेथड भरून काढणाऱ्या कोडची) गरज नाही.
- नवे व्याकरण सगळ्यात घातक. रेग्युलर एक्स्प्रेशनचा 'व्ही' फ्लॅग ११२ मध्ये आला. तो थेट कोडमध्ये लिहिला तर क्रोम १०९ अख्खी फाइलच नाकारतो, ती ओळ कधी चालणार नसली तरी. सफारीत १६.४ च्या आधी लुकबिहाइंडने (रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये मागचा मजकूर तपासण्याची खूण) हाच प्रकार केला: एका लहानशा तपासणीपायी पूर्ण पान पांढरे.
- एचटीएमएलचा नवा अ‍ॅट्रिब्यूट दुर्लक्षिला जातो, पण घटक तिथेच राहतो. पॉपओव्हर न कळणाऱ्या ब्राउझरमध्ये तुमचा लपलेला मेनू पानावर कायमचा उघडा पडलेला दिसतो.

या शेवटच्यावर दुहेरी इलाज करावा लागतो. सीएसएसमध्ये अ‍ॅट-सपोर्ट्स नियमाने 'पॉपओव्हर-ओपन' सिलेक्टर कळतो का ते विचारा आणि कळत नसेल तर घटक लपवा. मग जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएल-एलिमेंटच्या प्रोटोटाइपवर 'पॉपओव्हर' आहे का ते बघून, नसेल तर बटणाला साधा उघड-बंद क्लास लावा. नुसते लपवलेत तर बटण मुके राहील.

ब्राउझरचे नाव आणि आकडा वाचून निर्णय मात्र घेऊ नका. मार्च २०२२ मध्ये क्रोम आणि मेमध्ये फायरफॉक्स १०० वर पोहोचले, तेव्हा दोनच आकडे वाचणारा कोड १०० ला १० समजू लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये सफारीने १८ वरून थेट २६ वर उडी मारली आणि आयओएसचा आकडा यूजर-एजंटमध्ये (ब्राउझर आपली ओळख सांगतो त्या ओळीत) १८ वरच गोठवला. त्या ओळीवर आता कशाचाही भरवसा नाही. फीचर आहे का, एवढेच विचारा.

मराठी मजकूर असेल तर

मराठी लोकेलने आकडे छापले की इंटलचा (जावास्क्रिप्टच्या भाषाविषयक संचाचा) नंबर-फॉरमॅट ते देवनागरीत देतो: १,२३,४५६. वाचायला छान, पण तोच मजकूर इनपुटमध्ये भरून परत संख्या करायला गेलात तर हाती 'नॅन' (ही संख्या नव्हे) लागते. लॅटिन आकडे हवे असतील तर नंबरिंग-सिस्टिम स्वतः लिहा.

अक्षरे मोजताना अडचण वाढते. 'क्षि' या एका अक्षराची लांबी जावास्क्रिप्ट ४ सांगते: क, हलंत, ष आणि वेलांटी. त्यासाठी मजकुराची डोळ्यांना दिसणारी अक्षरे वेगळी करणारा इंटलचा सेगमेंटर आहे. तो क्रोममध्ये ८७ पासून होता, पण फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये, १२५ ला आला. पूर्वीच्या युनिकोड नियमाने सेगमेंटर 'क्षि'चे दोन तुकडे करी. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर अखंड धरले. म्हणजे जुन्या ब्राउझरमध्ये उत्तर २, नव्यात १. 'अभिप्राय जास्तीत जास्त २०० अक्षरे' अशी मर्यादा असेल तर पानावरचा आकडा अंदाजापुरता दाखवा आणि निर्णय सर्व्हरवर घ्या.

पायरी ६: मर्यादा फाइलमध्ये लिहा

ठरवलेली सर्वांत जुनी आवृत्ती टीमच्या डोक्यात न ठेवता ब्राउझरलिस्टच्या फाइलमध्ये लिहा. बेबल (नवे जावास्क्रिप्ट जुन्यात बदलणारे साधन) आणि ऑटोप्रिफिक्सर (सीएसएसला ब्राउझरचे उपसर्ग लावणारे) ती वाचतात. कॅन-आय-यूज-लाइटची (ही साधने वापरतात त्या ब्राउझर-यादीची) माहिती शिळी झाली असा इशारा बिल्ड करताना आला तर तो दडपू नका, अपडेटची आज्ञा चालवा. लक्षात असू द्या: बेबल व्याकरण खाली उतरवतो, पण नसलेली मेथड आपोआप आणत नाही. तिच्यासाठी कोअर-जेएस हा पॉलीफिलांचा संच वेगळा जोडावा लागतो.

पायरी ७: मोडलेच तर

आधी नव्या प्रोफाइलमध्ये, एकही एक्स्टेंशन नसताना तपासा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग ग्राहकाकडून आवृत्तीचा पूर्ण आकडा मागा. तोही दोघांचा सारखा निघाला आणि तरी वागणे वेगळे असले, तर गोंधळू नका. क्रोम काही बदल थोड्याथोड्या वापरकर्त्यांना देत जातो, त्यामुळे एकाच आवृत्तीत दोन तऱ्हा दिसू शकतात.

जुनी आवृत्ती हवी असेल तर 'क्रोम फॉर टेस्टिंग' उतरवा. ती स्वतःहून अपडेट होत नाही आणि हव्या त्या क्रमांकाची मिळते, ११३ पासून पुढची. दोन लगतच्या आवृत्त्या शेजारी उघडा आणि एकीत चालते, दुसरीत नाही, हे पक्के करा. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन हे साधन आहे: चालणारी आणि न चालणारी तारीख द्या, ते मधल्या बिल्ड उघडून देत जाते, तुम्ही चांगली-वाईट सांगत गेलात की नेमका बदल हाती लागतो.

त्यानंतर पान छाटत जा: फ्रेमवर्क काढा, सीएसएस काढा, दोष दिसतोय तोवर ओळी उडवत राहा. वीस-तीस ओळींची एक फाइल उरली पाहिजे. छाटतानाच अर्ध्या वेळा आपलीच चूक सापडते. तरीही दोष उरला तर क्रोमियमच्या इश्यू ट्रॅकरवर, मोझिलाच्या बगझिलावर किंवा वेबकिटच्या बगझिलावर नोंदवा: ती फाइल, अपेक्षित काय, घडते काय, चालणारी शेवटची आवृत्ती, न चालणारी पहिली आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम. नोंदवण्याआधी शोधून पाहा. तोच बग आधी कोणी टाकलेला असेल तर नवा उघडण्यापेक्षा त्यातच आपली छोटी फाइल जोडा.